एकाच पावतीवर पाठवलेले पैसे

ओटीपी आला होता, पण आमच्यापर्यंत पोचत नव्हता.

अल खौदच्या माझ्या ऑफिसात रमाकांत सावंत समोरच्या खुर्चीत फोन कानाला लावून बसला होता. स्क्रीनवर इन्कम टॅक्सच्या पोर्टलचं घड्याळ उलटं चाललं होतं. फोनवर पलीकडे त्याची बायको, ज्योती. त्यांच्या फ्रिजवर एक जुना हँडसेट असतो आणि त्यात भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवलेलं. मस्कतमधल्या बहुतेक भारतीय घरांत असा एक फोन सापडेल. बँकेचे आणि सरकारचे ओटीपी पकडणं एवढंच त्याचं काम.

“सांग गो पटकन,” रमाकांत म्हणाला. “पेज बंद होतला.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“कसलो म्हणजे? टॅक्सचो. गायकवाड बसलेत समोर. तू नंबर सांग.”

थोडा वेळ तो नुसता ऐकत राहिला. मग त्यानं फोन टेबलावर उपडा ठेवला.

“नाही सांगत. म्हणते, आधी मला कळू दे कशाचा आहे.”

पेज बंद झालं. मी म्हटलं, उद्या करू. रमाकांत म्हणाला, “साधं काम असतं, पण बायको मध्ये आली की झालं.” मी हसलो. ज्या फ्लॅटसाठी हा सगळा खटाटोप चालला होता तो फ्लॅट ज्योतीच्या एकटीच्या नावावर होता, हे मला माहीत होतं. तरी हसलो.

हा प्रसंग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. मुळात मी फारसं बोलणारा माणूस नाही. आणि ह्यात माझी बाजू काही बरी दिसत नाही, हेही एक कारण.

माझा धंदा अकाउंट्सचा. इथल्या छोट्या कंपन्यांची पुस्तकं लिहायची, व्हॅट भरायचा. त्याच्या जोडीला आपल्या माणसांची भारतातली टॅक्सची कामं. ती माणसं येतात तेव्हा बहुतेकांची एक ठाम समजूत असते. ओमानमध्ये पगारावर टॅक्स नाही, म्हणजे आपल्याला टॅक्स नाही. इथेही पुढे मोठ्या उत्पन्नावर टॅक्स येणार आहे, पण तो वेगळा विषय. भारतातलं घर विकून नफा झाला, तर तुम्ही मस्कतला राहा, सूरला राहा नाहीतर सलालाहला, टॅक्स भारतातच लागतो. घर जिथे उभं आहे तिथलं सरकार पहिला हात घालतं. दोन देशांच्या करारातही तसंच आहे.

हा टॅक्स नफ्यावर असतो. विकल्याची किंमत वजा घेतल्याची किंमत, जे उरेल त्यावर. त्याला कॅपिटल गेन म्हणतात. पण विकणारा एनआरआय असला की आणखी एक भानगड असते. टॅक्स विकणाऱ्यानं भरायची वाट सरकार बघत नाही. घेणाऱ्यानंच पैसे देताना तो कापून सरकारजमा करायचा. हा टीडीएस. आणि घेणाऱ्याला तुमचा नफा किती हे कुठून कळणार? तो घाबरून पूर्ण किमतीवर कापतो. मग रिटर्न भरा, रिफंडची वाट बघा. हे टाळायचं असेल तर आधी अर्ज करायचा, की साहेब, माझा खरा नफा एवढाच आहे, तेवढ्यापुरताच कापायला सांगा. अधिकारी तसं सर्टिफिकेट देतो.

रमाकांतसाठी मी तो अर्ज करत होतो. चुकलो. ज्योतीसाठी करत होतो. पण त्या वेळी मी मनातसुद्धा ‘रमाकांतचं काम’ असंच म्हणत होतो.

रमाकांत कुडाळकडचा. इथे एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. आमची ओळख जुनी. शुक्रवारी सकाळी आम्ही काही जण बॅडमिंटन खेळतो, त्यातला तो. पनवेलचा हा फ्लॅट त्यांनी घेतला तेव्हा रजिस्ट्रेशनला जायला रमाकांतला सुट्टी मिळाली नाही. ज्योती मुलीला घेऊन गावी गेलेली होती. मग तिनंच जाऊन सही केली आणि फ्लॅट तिच्या नावावर झाला. आखातात असं फार घडतं. ज्याला सुट्टी मिळते तो मालक होतो.

आता रमाकांतला फ्लॅट विकून इथेच मस्कतजवळ माबेलाला स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. एक ओमानी पार्टनर तयार होता. “किती वर्षं दुसऱ्याच्या गाड्यांखाली झोपायचं?” असं तो म्हणायचा. त्यात चूक काही नव्हतं.

अर्ज भरताना एक प्रश्न माझ्यासमोर आला. फ्लॅट बायकोच्या नावावर, पण पैसे कुणाचे? हा प्रश्न महत्त्वाचा असतो. नवऱ्यानं बायकोला पैसे दिले आणि तिनं त्यातून घर घेतलं, तर पुढे त्या घराचा नफा कायदा नवऱ्याच्या उत्पन्नात धरतो. ह्याला आमच्याकडे क्लबिंग म्हणतात. टॅक्स वाचवायला लोकांनी बायकोच्या नावावर मालमत्ता करू नये म्हणून ती तरतूद आहे. नाव कुणाचं ह्यापेक्षा पैसा कुणाचा हे तिथे बघतात.

मी रमाकांतला विचारलं, “पैसे कुणाचे होते?”

“माझे. आणखी कुणाचे?”

त्यानं एक फाइल आणली होती. एक्स्चेंजच्या पावत्या. इथून गावी पैसे पाठवायचे तर आपण एक्स्चेंजमध्ये जातो, खिडकीवर रियाल देतो, ते रुपये करून पाठवतात आणि पावती देतात. प्रत्येक पावतीवर पाठवणाऱ्याचं नाव रमाकांत सावंत. एकही ज्योतीच्या नावाची नाही. मी अर्जासोबतच्या नोटमध्ये लिहून टाकलं, संपूर्ण रक्कम पतीची, नफा पतीच्या उत्पन्नात धरावा.

रमाकांतनं ते वाचलं आणि खूश झाला. “हे बरं झालं. म्हणजे कागदावर पण माझाच.”

इथवरसुद्धा एक वेळ चालून गेलं असतं. पण त्याआधी एक गोष्ट घडली होती.

गणपतीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. ज्योतीनं मोदकाची ताटली माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, “भाऊ, घर विकून दुसरं घर घेतलं तर टॅक्स लागत नाही म्हणतात. खरं काय?”

खरं होतं. निवासी घर, मग त्यात आपण राहत असू वा नसू, विकून झालेला नफा ठरलेल्या मुदतीत भारतातच दुसऱ्या घरात घातला, तर तेवढ्या नफ्यावर टॅक्स माफ होतो. लोक त्याला कलम चोपन्न म्हणून ओळखतात. ज्योतीला ते पुरेपूर लागू होतं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “ते सगळ्यांना लागू नसतं, वहिनी. आम्ही बघतोय ना.”

ती बरं म्हणाली आणि दुसऱ्या ताटल्या आणायला आत गेली.

मी असं का म्हणालो? रमाकांतनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, “तिच्यासमोर घराचा विषय काढू नको. कुडाळला घर घेऊया म्हणून ती आधीच हटून बसलीय. गावी माझ्या भावांबरोबर राहायचं नाहीय तिला.” हे पहिलं कारण. दुसरं कारण मी स्वतःलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. गॅरेज झालं असतं तर त्याचे अकाउंट्स माझ्याकडे येणार होते. तसं रमाकांतनं कबूल केलं होतं.

ओटीपीचा प्रसंग झाल्यानंतर दोनेक दिवसांनी ज्योती एकटीच माझ्या ऑफिसात आली. टॅक्सी करून आली होती. दुपारची वेळ होती, आमच्या स्टाफची जेवणाची सुट्टी. ती खुर्चीत बसली. खिडकीच्या पडद्याकडे बघत म्हणाली, “हा कुणी शिवला? कापड उलटं लावलंय.”

मी आजवर त्या पडद्याकडे बघितलंही नव्हतं.

“वहिनी, रमाकांतला माहितीय तुम्ही आलात ते?”

“सांगेन घरी गेल्यावर.” मग म्हणाली, “भाऊ, ओटीपी मी देते. पण मी काय देतेय ते मला सांगा. माझ्या नावाने काय चाललंय?”

मी समजावायला लागलो. कॅपिटल गेन, टीडीएस, सर्टिफिकेट. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्ये मध्ये अचूक विचारत होती. “म्हणजे घेणारा माझे पैसे कापून सरकारला देणार?” “हो.” “आणि मी जास्त कापू नका म्हणून अर्ज करतेय?” “बरोबर.” तिला गंमत वाटत होती असं दिसलं. बहुतेक लोक इथवर येईपर्यंत घड्याळ बघायला लागतात.

मग मी क्लबिंग सांगितलं. ती थांबली.

“परत सांगा.”

मी परत सांगितलं.

“म्हणजे फ्लॅट माझा, सही माझी, नफा पण माझा. पण टॅक्सला तो ह्यांचा धरायचा.”

“हो. कारण पैसे रमाकांतचे होते.”

“असं कुणी सांगितलं?”

रमाकांतनं सांगितलं, असं म्हणायला हवं होतं. मी पावत्यांची फाइल पुढे केली. तिनं ती उघडली नाही.

“ह्या मला माहितीयत. एक्स्चेंजच्या. पण भाऊ, मी शिवणकाम करत होते ते तुम्हाला ठाऊक नाही?”

मला अंधुक आठवत होतं. ज्योती कुठेतरी कामाला जायची, एवढंच. ते काम किती वर्षं चाललं, त्यात काय मिळायचं, हे कधी मनात आलंच नव्हतं. ती सांगायला लागली. युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला एका ओमानी बाईंचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. तिथे ज्योती कामाला होती, परवाना वगैरे सगळं रीतसर. युनिव्हर्सिटीच्या मुलींचे कपडे, लग्नाचे कपडे, अबायांची कशिदाकारी. महिन्याच्या शेवटी पगार रोख मिळायचा.

“आणि त्या पैशांचं काय करायचात?”

“काय करणार? ह्यांच्याकडे द्यायचे. हे आपले घालायचे आणि एकत्र पाठवायचे.”

“एकत्र का? तुम्ही वेगळे पाठवले असते तर तुमच्या नावाची पावती झाली असती.”

“दोन पावत्या म्हणजे दोनदा कमिशन,” ती म्हणाली. “तेवढं कशाला घालवायचं?”

मी पेन खाली ठेवलं. कमिशन किती असतं ते तुम्हाला माहीत असेल. एका माणसाचा चहा-नाश्ता होईल, एवढं. तेवढं वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं त्या बाईची कमाई नवऱ्याच्या नावानं गावी गेली होती. आणि मी नुसत्या पावत्या बघून लिहून मोकळा झालो होतो की सगळे पैसे नवऱ्याचे. तीच चूक अख्ख्या आखातात घराघरांत चालू असणार, असं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं. मी स्वतःच किती जणांच्या फायलींत तसं लिहिलं असेल, हा विचार त्यानंतर आला.

“वहिनी, तुम्ही मला गणपतीत काहीतरी विचारलं होतं,” मी म्हणालो.

“हो.”

“त्याचं मी दिलेलं उत्तर खोटं होतं. तुम्हाला ते लागू होतं. घर घेतलं तर टॅक्स माफ होतो.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “तुम्ही मोदक हातात तसाच धरून बोलत होतात.”

नंतर म्हणाली, “का पण?”

मी दोन्ही कारणं सांगितली. तिनं मान हलवली. मग तिनं विचारलं, “आता हे बदलता येतं काय?”

अर्ज अजून गेला नव्हता. ओटीपी तिनं अडवला म्हणून गेला नव्हता. बदलता येत होतं. पण तिचे पैसे त्या फ्लॅटमध्ये गेले, हे दाखवायचं कसं, हा प्रश्न होता. आणि आता मला त्याचं खरोखर कुतूहल वाटायला लागलं होतं. एकाच पाकिटात घातलेले दोघांचे पैसे, काही वर्षांनी वेगळे करता येतात का?

संध्याकाळी मी त्या दुकानात गेलो. मालकीण उम सालिम, साठीच्या घरातली बाई. काउंटरवर बसून मणी निवडत होती. मी ज्योतीचं नाव घेतलं तशी तिनं चष्मा वर केला.

“जोती? क्या हुआ जोती को?”

“कुछ नहीं हुआ, मॅडम. मैं उसका अकाउंटंट.”

“अकाउंटंट?” ती हसली. “जोती के पास अकाउंटंट है? माशाल्ला.” मग आतल्या मुलीला म्हणाली, “चाय लाओ इसके लिए.”

मी काम सांगितलं. ज्योती इथे कामाला होती आणि तिला साधारण काय पगार मिळायचा, एवढं लेखी हवंय. उम सालिमनं मला उलट विचारलं, “किसलिए? गव्हर्मेंट?”

“इंडिया का टॅक्स. उसके फ्लॅट का.”

“फ्लॅट उसका नाम पे?”

“हां.”

“अच्छा है,” ती म्हणाली. “मैं बोलती थी, जोती, अपना नाम पे कुछ रखो. वो हंसती थी.” तिनं शेजारच्या खणातून दुकानाचा शिक्का काढला. “यल्ला, लिखो. मैं साइन करती. लेकिन एक बात लिखो, ईद के टाइम डबल मिलता था. मेरे से ज्यादा लेके जाती थी वो.”

मी ते तसंच लिहून घेतलं.

तेवढ्यानं भागणार नव्हतं. तिला पगार मिळत होता हे दिसलं, पण तो फ्लॅटमध्ये गेला हे नाही. तो घरखर्चात गेला असं कुणीही म्हणू शकतं. आणि तेच झालं.

मी रमाकांत आणि ज्योतीला एकत्र बोलावलं. रमाकांत येतानाच फुगलेला होता. ज्योतीनं त्याला घरी सगळं सांगितलं होतं.

“तू माझा मित्र ना?” त्यानं मला विचारलं.

“मित्र आहे. पण फाइल वहिनींच्या नावाची आहे.”

“आता आठवलं तुला?”

त्याचा हा टोला बरोबर बसला.

“आणि हे बघ,” तो म्हणाला, “ती कमवत होती ते मी नाही म्हणतच नाही. पण तिच्या पैशात घर चालायचं आणि माझ्या पैशात फ्लॅट झाला. हिशोब साधा आहे.”

ज्योती त्याच्याकडे वळली. “माझे पैसे घरात गेले म्हणून तुमचे उरले, नाय?”

“उरले ते माझेच ना पण?”

“म्हणजे मी वाणसामान आणायचा आणि तुमी फ्लॅट?”

“तुका काय होया मगे? अर्धी भिंत?”

“अख्खी होयी,” ती म्हणाली. “भिंत माझ्याच नावावर आसा.”

मला हसू आलं, पण मी ते आवरलं. खरं सांगायचं तर त्या दोघांमध्ये कोण बरोबर ह्याचं उत्तर कायद्यातही नाही. एका घरात दोघं कमावतात, त्यातल्या कुणाच्या पैशानं डाळ आणली आणि कुणाच्या पैशानं हप्ता भरला, हे कायदा पावतीवर बघतो. आणि पावतीवर एकच नाव होतं.

पण मी एक गोष्ट करून ठेवली होती. रमाकांतनं इथला कुठलाच कागद कधी फेकलेला नाही. फाइलमध्ये पावत्यांच्या खाली त्याच्या त्या काळच्या सॅलरी स्लिपाही होत्या. मी प्रत्येक महिन्याची स्लिप त्या महिन्याच्या पावतीशेजारी ठेवली होती. टेबलभर जोड्या मांडल्या होत्या.

“हे काय?” रमाकांतनं विचारलं.

“तुझा पगार आणि तू पाठवलेले पैसे. महिन्यावार बघ.”

तो वाकून बघायला लागला. पहिली जोडी बघितली, दुसरी बघितली. मग त्यानं चष्मा काढून पुसला आणि परत पहिल्यापासून बघायला लागला.

फ्लॅटचे हप्ते चालू होते त्या काळातल्या बऱ्याच महिन्यांत त्यानं गावी पाठवलेली रक्कम त्याच्या पूर्ण पगारापेक्षा जास्त होती. ईदच्या महिन्यांत तर फारच.

“ओव्हरटाइम असेल,” तो म्हणाला.

“ओव्हरटाइम स्लिपवर आहे. तो धरूनच.”

“कुणाकडून उसने घेतले असतील.”

“घेतले होते?”

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. माणूस सरळ आहे. खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसतो. आणि मग त्याला ते आठवलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम खाली आला.

“पाकीट एकच असायचं,” तो म्हणाला. “महिनाअखेरीला ही द्यायची. मी माझे त्यात घालायचो. खिडकीवर नेऊन द्यायचो. मोजायचा तो खिडकीवालाच.”

“मोजत का नव्हतास?” मी विचारलं.

“आपल्याच घरातले पैसे मोजतो काय कुणी?”

ज्योतीनं एक पावती उचलून उजेडात धरली, परत जागेवर ठेवली आणि कडा सरळ केली.

पगारापेक्षा जे जास्त होतं ते निदान तिचं होतं, ह्यात आता कुणालाच शंका नव्हती. खरं तर त्याहून जास्त असणार, कारण रमाकांतच्या पगारातूनही घरभाडं जात होतं. पण कागदावर दाखवता येईल एवढं तरी हाती आलं.

मग आम्ही पुढचं बोललो. गॅरेजचं काय आणि घराचं काय. ज्योतीनं सरळ सांगितलं, “सही माझी लागणार. घर घ्यायचं असेल तर मी करते. नायतर फ्लॅट आहे तसा असू दे.” तिला कुडाळला बाजाराजवळ दोन खोल्या वर आणि खाली शिवणयंत्र मावेल एवढी जागा हवी होती. “आज ना उद्या इथून जायचंच आहे. तिथे गेल्यावर दिरांच्या घरात मी काय म्हणून राहू?”

तेव्हा मी तिला ती गोष्ट सांगितली जी तिला गणपतीतच सांगायला हवी होती. टॅक्स माफीसाठी विकल्याची पूर्ण रक्कम घरात घालावी लागत नाही. नफा तेवढा घातला की पुरतं. मूळ किमतीचा भाग मोकळा राहतो.

रमाकांतनं मान वर केली. “म्हणजे काय?”

“म्हणजे नफ्यात कुडाळचं घर. मूळ पैसे उरतात त्याचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा.”

“हे तू आधी का नाही बोललास?”

मी म्हणालो, “तू घराचा विषय काढू दिला नाहीस आणि मीही सांगायला तयार नव्हतो.”

अर्ज नव्यानं केला. कुडाळच्या घराचा बयाणा झाला, त्याचे कागद जोडले. कॅल्क्युलेशन पुन्हा केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळा नफा नव्या घरात जाणार, म्हणजे टॅक्स शून्य. ज्योतीचा धरला तरी शून्य, रमाकांतचा धरला तरी शून्य. उम सालिमचं ते लेखी, पावत्यांच्या त्या जोड्या, कुणाचे किती ह्याची ती अख्खी नोट, ह्यातल्या कशानंही टॅक्समध्ये एका रुपयाचा फरक पडणार नव्हता.

मी ज्योतीला फोन केला. “वहिनी, ती नोट आता नाही जोडली तरी चालेल. उगाच अधिकाऱ्याला प्रश्न सुचतील. टॅक्स शून्यच आहे.”

फोनवर शिवणयंत्र चालल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“टॅक्सला नको असेल,” ती म्हणाली. “तरी जोडा.”

“काही उपयोग नाही हो त्याचा.”

“असू दे. कुठेतरी लिहिलेलं असू दे.”

मी जोडली. सर्टिफिकेट आलं, घेणाऱ्यानं टॅक्स कापला नाही, फ्लॅट विकला गेला. ती नोट अधिकाऱ्यानं वाचली की नाही, मला कळलेलं नाही. सर्टिफिकेटमध्ये तिचा काही उल्लेख नव्हता. कुडाळचं घर ज्योतीच्या नावावर झालं. उरलेल्या पैशांत गॅरेज होण्यासारखं नव्हतं. रमाकांत एका ओळखीच्याच्या टायरच्या दुकानात छोटा भागीदार झाला. त्या दुकानाचे अकाउंट्स माझ्याकडे नाहीत. बॅडमिंटनला तो येतो, पण माझ्या कोर्टवर खेळत नाही.

मी माझ्या कामात एक बदल केला. जुन्या फायली काढल्या आणि ज्यांची घरं बायकोच्या नावावर आहेत त्यांच्या बायकांना स्वतः फोन केले. बऱ्याच जणींना आपल्या नावावर काही आहे हे माहीत होतं. पैसे कुणाचे असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. काही नवऱ्यांनी त्यानंतर अकाउंटंट बदलला.

पूर्वी समोरच्या खुर्चीत बसेल त्याला मी क्लायंट समजत होतो. आता आधी विचारतो, सही कुणाची लागणार आहे. धंदा थोडा कमी झालाय.